आजोबांची कुष्ठरोग-सर्वेक्षणाची रिळे : जपावीत कशी, दाखवावीत का?

रानवाट : माझे आजोबा १९५०च्या दशकात वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोगाचे गावोगाव सर्वेक्षण करणाऱ्या पथकात डॉक्टर होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची १६ मिलिमीटरची चार रिळे सापडली. एकाची फीत उजेडात धरली, तेव्हा शाळेच्या ओट्यावर ओळीने बसलेली मुले आणि एकाच्या पाठीवरच्या चट्ट्याला पिसाने स्पर्श करणारा हात दिसला. पेटीला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. ही रिळे वाचवावीत कशी, आणि त्यांतल्या माणसांना विचारणे आता शक्य नसताना ती लोकांना दाखवावीत का?

फीतघर : रिळे प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. तो वास अ‍ॅसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) फितीचे विघटन सुरू झाल्याची खूण आहे. सुटणारे आम्लच पुढचे विघटन वाढवते, फीत आकसते आणि तिची छिद्रे यंत्राच्या दात्यांवर फाटतात. वासाचे रीळ वेगळे करून थंड, कोरड्या जागी ठेवा, डब्यांवरच्या नोंदींची छायाचित्रे घ्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा सल्ला घ्या.

वाचक : पिसाचा तो स्पर्श फार मोलाचा आहे. चट्टा बधिर आहे का, हे त्यावरून कळे, आणि १९५१मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने रुग्णांना गावाबाहेर न हलवता त्यांच्या गावातच सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार करण्याची जी पद्धत रुजवली, ती या दृश्यात चालताबोलता दिसते. आणि हे त्या काळात, जेव्हा रुग्णांना आश्रमांत डांबण्याची मुभा देणारा १८९८चा कायदा अस्तित्वात होता. तो रद्द व्हायला २०१६ उजाडले. फितीवर ‘महारोगी’ असे शब्द असतील, तर ते खोडू नयेत. सोबत खुलासा जोडावा.

नातमाउली : माझी आजी कुष्ठरुग्णांच्या अशाच एका वसाहतीत चाळीस वर्षे राहिली. तिचे एकमेव छायाचित्र मला वैद्यकीय पुस्तिकेत सापडले. त्यात फक्त वळलेली बोटे होती, खाली नाव नव्हते. त्याच बोटांनी ती सुताच्या लडी गुंडाळत असे, पण ते कुणी टिपले नाही. म्हणून माझे मागणे असे की, रिळे संपूर्ण जपा, मूळ प्रतीला कात्री लावू नका, आणि बाहेर दाखवण्याआधी ती त्या गावांत न्या. ओट्यावरच्या त्या मुलाला ओळखणारे अजून कुणी तरी असेल.

रानवाट : डब्यावर आजोबांच्या अक्षरात दोन गावांची नावे आहेत. पुढच्या महिन्यात तिथे जाते.