मदत हवी आहे: रेडिएटर फॅन फिरत नाही, सेन्सर बदलू की वायरिंग बघू?

गाडी पळत असली की टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. सिग्नलला थांबलं की चढायला लागतो आणि फॅन मात्र ढिम्म. एसी लावला तरी तेच.

फ्यूज शाबूत आहे, कूलंटची पातळी बरोबर आहे, रिले (फॅनचा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच) बदलून पाहिला. फॅनला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट दिले तर झकास फिरतो, म्हणजे मोटर ठीक असावी. इंजिन तापल्यावर फॅनचा कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर १२च्या आसपास दाखवतं. पण कनेक्टर जोडून मागून प्रोब लावले की ४-५ व्होल्टवर येतं. कनेक्टरची एक पिन तपकिरी पडलीय, भोवतीचं प्लास्टिकही किंचित वितळलंय.

मेकॅनिक म्हणतो, टेम्परेचर सेन्सर (इंजिन तापल्याचं कळवून फॅन चालू करायला लावणारा) बदला. मला पटत नाही. सेन्सर गेला असता तर फॅनपर्यंत सप्लायच कशाला आला असता? लोड आल्यावर, म्हणजे फॅन जोडल्यावर, व्होल्टेज पडतंय, म्हणजे कुठेतरी रेझिस्टन्स वाढलाय.

प्रश्न असा: फक्त कनेक्टर बदलून भागेल, की आधी अर्थिंगचा (फॅनच्या निगेटिव्ह वायरच्या बाजूचा) व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे तिथे किती व्होल्ट वाया जातात ते, मोजू? आणि पिन जळण्यामागे मोटर जास्त करंट ओढतेय का, हे घरच्या घरी कसं तपासायचं? माझा मल्टिमीटर १० अँपिअरपर्यंतच मोजतो.