सोसायटीचा प्रश्न घर शोधतानाच सोडवावा

‘निवाऱ्यातला कुत्रा माणसाळलेला असेल, तर चांगल्या छायाचित्रावरच त्याला घर मिळते’ असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. छायाचित्र पाहून फोन येतात हे खरे. परंतु गेल्या वर्षी बडोद्यात निवाऱ्यातील एका तीन वर्षांच्या, अनोळखी माणसाच्याही मांडीवर विश्वासाने डोके टेकवणाऱ्या कुत्रीसाठी आम्ही घर शोधत होतो, तेव्हा मांजलपूरच्या दोन कुटुंबांचा होकार ‘आमच्या सोसायटीत प्राणी चालत नाहीत’ एवढ्या एका वाक्यावर मोडला, आणि त्या मुक्या जीवाचे दोन महिने पिंजऱ्यात गेले. याचे मला आजही वाईट वाटते, कारण ती अडचण मुळात खरी नव्हती.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २६ फेब्रुवारी २०१५ रोजी काढलेल्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की, बहुसंख्य रहिवाशांची इच्छा असली तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, तसेच लिफ्टच्या वापरासाठी त्यांच्या मालकांकडून वेगळे शुल्क घेता येत नाही. तिसऱ्या कुटुंबाला आम्ही या परिपत्रकाची प्रत, रेबीजच्या लसीची नोंद आणि नसबंदीचा दाखला एकत्रच दिला. सचिवांनी कागद शांतपणे वाचले, फिरवताना घाण उचलण्याची हमी मागितली (ही मागणी रास्तच होती) आणि कुत्री त्याच आठवड्यात घरी गेली. उत्तरायणाच्या फटाक्यांना ती फार घाबरली, तेव्हा घरातल्या आजी रात्रभर तिच्याजवळ बसून होत्या.