आईने कबूल केलेला बोकड पिठाचा केला तर चालतो का?

तापीकाठचा (चोपडा)
राम राम मंडळी. चैत्रात पोराचं जाऊळ आहे. बाळंतपणात बायकोचं रक्त थांबेना, तेव्हा आईने दवाखान्याच्या जिन्यात बसून कुळदेवीला बोकड कबूल केला. तो आता गोठ्यात आहे आणि पोरगं त्याचा कान धरून उभं राहायला शिकलंय. मी मटण खातो, आमच्याकडेही काळ्या मसाल्याचा रस्सा होतो. पण ढोलाच्या गलक्यात त्याच्या अंगावर पाणी ओतायचं आणि त्याने अंग झाडलं की ‘देवीने मान घेतला’ म्हणत सुरा काढायचा, हे बघवत नाही. गार पाणी पडलं की कोणतंही जनावर अंग झाडणारच ना?

वडील माळकरी. ते म्हणतात, आपल्या शास्त्रात हिंसा नाहीच. काका म्हणतात, देवीच्या पोथीत, दुर्गासप्तशतीत, बळी लिहिलाय, वाचून बघ. वर सप्तशृंगी गडाचा दाखला देतात, की तिथला बंद पडलेला बोकडबळी 2022 मध्ये उच्च न्यायालयानेच अटी घालून पुन्हा होऊ दिला. आईचं एकच: “देवीनं देनं से, बाकी ठेवानं नही.”

खरं कोणाचं? आणि नवस आईचा, तो मला बदलता येतो का?

जुन्या बाई (अमळनेर)
मी हायस्कूलात संस्कृत शिकवलं आणि माझ्या माहेरी दसऱ्याला बोकड पडायचा, त्यामुळे दोन्ही बाजू घरच्याच.

काका खोटं बोलत नाहीत. सप्तशतीच्या 12व्या अध्यायात बलिप्रदानाचा उल्लेख खुद्द देवीच्या तोंडी आहे. पशू यज्ञासाठीच निर्माण केले, म्हणून यज्ञातला वध हा वधच नव्हे, असं मनूने स्वच्छ लिहिलंय (मनुस्मृती 5.39). ‘हे मागाहून कोणीतरी घुसडलं’ म्हणून हात झटकणं मला आवडत नाही. वडिलांना सांगा.

पण काकांनी तिथेच पोथी मिटू नये. दोनच श्लोक आधी तोच मनू म्हणतो, मोह आवरत नसेल तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करा, उगाच मारू नका. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कथा आहे: यज्ञाला लागणारं सत्त्व माणसातून घोड्यात, मग बैलात, मेंढीत, बोकडात आणि शेवटी जमिनीत जाऊन भात झालं. म्हणून पुरोडाश, म्हणजे यज्ञातला तांदळाच्या पिठाचा रोट, दिला की पशू दिल्यासारखाच. तेव्हा पिठाचा बोकड ही काही तुमची पळवाट नव्हे. भागवताच्या चौथ्या स्कंधात तर नारद प्राचीनबर्ही राजाला दाखवतो, तू यज्ञात मारलेली जनावरं लोखंडी शिंगं घेऊन तुझ्या मरणाची वाट बघताहेत! आणि सप्तशतीचाच 13वा अध्याय: सुरथ राजा आणि समाधी वैश्य स्वतःच्या अंगातलं रक्त शिंपडून बळी देतात. काकांना विचारा, करंगळी पुढे करता का?

राहिला नवस. तो आईचा आहे, तिच्या पाठीमागे बदलू नका. उद्या पोराला साधा ताप आला तरी ती मनातल्या मनात कुढत बसेल. तिच्या शेजारी बसून वाचून दाखवा.

शेळीवाला (साक्री)
बाईंचं सगळं मान्य. पण सोडलेला बोकड जाणार कुठे? मी शेळ्या पाळतो. म्हातारा होईपर्यंत त्याला दाराशी कोणी पोसत नाही, चार दिवसांनी खाटकाकडेच जातो. आणि वाट्यांचा विचार करा. मटणाचा वाटा ज्या घरी जातो ते घर भाऊबंदांत धरलं जातं. पिठाचा करायचा तर वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी अशी दणकून पंगत घाला, नाहीतर ‘खर्च वाचवला’ म्हणतील.

सातपुड्याचा (नंदुरबार)
आमची माणसं महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला जातात. याहा मोगी या आमच्या आदिवासी देवीला टोपलीत धान्य नेतात, मोहाची दारू, कोंबडं, बोकड देतात. मनूला विचारून कोणी देत नाही. त्यामुळे ‘हिंदू शास्त्रात काय’ हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचतच नाही. दादा, जीव तुटतो म्हणता ना, मग आधी घरचा रस्सा बंद करा. देवीच्या दारातला एकच बोकड का खुपतो?

तापीकाठचा
दादा, हे लागलं. उत्तर नाही माझ्याकडे. पण घरचं पोर ज्याचा कान धरून उभं राहतं त्याच्यावर सुरा नको, इतकं तरी नक्की.

बाई, आईला वाचून दाखवलं. भात झाल्याची गोष्ट तिला पटली, लोखंडी शिंगांवर मात्र बराच वेळ काही बोलली नाही. आता म्हणते, भगताला विचारते. मुंडी आणि पाय त्यालाच मिळतात, तो काय सांगणार!

जुन्या बाई
मुंडीचे पैसे आधीच रोख देऊन या. आणि पीठ तांदळाचं घ्या, उकड काढून. कणकेच्या बोकडाची मान वाळली की तडकते.