बॅकअप सकाळपर्यंत चालतोय, रिपॉझिटरी भरत आलीय: नवीन स्टोरेज घ्यावं की सॉफ्टवेअरच बदलावं?

कोरीपाटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. आमच्याकडे व्हीएमवेअरवर साधारण ४० टीबी डेटा आहे, बॅकअपला वीम हे सॉफ्टवेअर, आणि रिपॉझिटरी (बॅकअप फाइल साठवायची जागा) म्हणजे एक लिनक्स सर्व्हर, त्यात १२ टीबीच्या १२ डिस्कची रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो अशी रचना), वर एक्सएफएस फाइल सिस्टिम, म्हणजे वापरायला १२० टीबी. नेटवर्क १० गिग. रात्री दहाला जॉब सुरू व्हायचे आणि पहाटे चारपर्यंत आटपायचे, हल्ली सकाळी लोक कामाला बसले तरी चालूच असतात, मग व्हीएमचा (व्हर्च्युअल मशिनचा) बॅकअपपुरता घेतलेला स्नॅपशॉट काढून टाकताना डेटाबेस अडखळतो आणि फोन सुरू होतात. त्यात व्हॉल्यूम ९४ टक्के भरलाय. बंद झालेले बरेच जुने सर्व्हर जॉबमधून काढले पण जागा जराही मोकळी झाली नाही.

एक व्हेंडर म्हणतो डीडुप अप्लायन्स (एकसारखे ब्लॉक एकदाच साठवणारं यंत्र) घ्या, दुसरा म्हणतो सॉफ्टवेअरच बदला. बजेट एकदाच मिळणार आहे त्यामुळे चुकीच्या गोष्टीवर घालवायचं नाहीये. कुठून सुरुवात करू? आणि तोवर जुन्या फाइल हाताने उडवल्या तर चालेल का?

चेकसम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, हाताने एकही फाइल उडवू नका. इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या डेटाच्या) फाइलची चेन असते, एका फुल म्हणजे पूर्ण बॅकअपवर उभी, मधली एक फाइल गेली की तिच्यानंतरचे सगळे रिस्टोअर पॉइंट पुढच्या फुलपर्यंत निकामी, आणि हे कळतं ते रिस्टोअरच्या दिवशीच. जे काढायचं ते कन्सोलमधूनच काढा म्हणजे सॉफ्टवेअरच्या डेटाबेसलाही ते माहीत राहतं.

आता जागेचं. रिपॉझिटरीवर डीयू आणि डीएफ या लिनक्सच्या दोन्ही कमांड चालवून आकडे इथे टाका. एक्सएफएसवर रीफ्लिंक (अनेक फाइलनी तेच ब्लॉक वाटून घ्यायची सोय) चालू असेल तर सिंथेटिक फुल, म्हणजे आधीच्याच फाइलमधून जोडलेले पूर्ण बॅकअप, जुनेच ब्लॉक वापरतात, डीयू प्रत्येक फाइलचे ब्लॉक वेगळे मोजतं, डीएफ खरी भरलेली जागा दाखवतं. म्हणूनच मोठी दिसणारी जुनी फुल काढली तरी तिचे बहुतेक ब्लॉक पुढच्या फुलमध्येही असतात आणि हाती काही लागत नाही. दुसरं, जॉबमधून व्हीएम काढली म्हणून तिचा बॅकअप जात नाही, तो राहायलाच हवा, उद्या कुणी मागितला तर. किती दिवसांनी काढायचा त्याची वेगळी सेटिंग जॉबच्या मेंटेनन्समध्ये असते. आणि सगळ्या व्हीएमची मिळून एकच चेन ठेवली असेल तर आतले ब्लॉक नुसते रिकामे म्हणून नोंदवले जातात, फाइल लहान होत नाही, त्यासाठी फुल कॉम्पॅक्ट करावी लागते. इम्यूटेबिलिटी (ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल कुणालाच बदलता किंवा काढता न येणं) लावली असेल तर मुदत संपेपर्यंत काहीच हलणार नाही.

वेगाचं म्हणाल तर जॉबच्या रिपोर्टमध्ये बॉटलनेकची (कुठे अडतंय त्याची) ओळ असते, सोर्स, प्रॉक्सी (मधला डेटा हलवणारा सर्व्हर), नेटवर्क, टार्गेट, प्रत्येकापुढे टक्केवारी, जिथे सगळ्यात जास्त तिथे अडतंय. ती बघितल्याशिवाय कुठल्याही व्हेंडरला भेटू नका. एक हिशोब सांगतो, १ गिगच्या लाइनवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी, म्हणजे आठ तासांत ३.६ टीबी, त्यापुढे काहीही केलं तरी नाही. तुमचं १० गिग आहे म्हणता पण मधला एखादा पोर्ट १ गिगवर बसलाय का तेही बघून घ्या, असं होतं.

रात्रपाळी

चेकसमशी सहमत. त्यात अजून एक, रोजच्या इन्क्रिमेंटलचा आकार मागच्या दोनतीन महिन्यांचा काढून बघा. तो एकदम फुगला असेल तर बहुतेक वेळा कुणीतरी व्हीएमच्या आतच डेटाबेसचा रोज रात्री कॉम्प्रेस केलेला डंप (पूर्ण डेटाची एक फाइल) काढायला सुरुवात केलेली असते. कॉम्प्रेस केलेली फाइल रोज आतून पूर्ण वेगळी, तिथे डीडुप काही करू शकत नाही, महागडं अप्लायन्स आणलंत तरी तेच. डंप वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर हलवायला सांगा आणि ती डिस्क जॉबमधून वगळा, अर्थात डंपची दुसरीकडे कॉपी जातेय याची खात्री करूनच.

टेपमास्तर

मी आयबीएम स्टोरेज प्रोटेक्ट या बॅकअप सॉफ्टवेअरवाला, जुनी माणसं अजून टीएसएमच म्हणतात. सॉफ्टवेअर बदला म्हणणाऱ्याचं ऐकण्याआधी एवढंच लक्षात घ्या की जागेचे हे प्रश्न सगळीकडे आहेत, फक्त वेगळ्या ठिकाणी फुटतात. आमच्याकडे काय कुठे ठेवलंय त्याचा सगळा कॅटलॉग डीबी२ डेटाबेसमध्ये, आणि त्याचे आर्काइव्ह लॉग (बदलांच्या जुन्या नोंदी) डेटाबेसचा फुल बॅकअप झाल्याशिवाय साफ होत नाहीत. टेप लायब्ररीत स्क्रॅच (लिहायला मोकळ्या) टेप संपल्या की डेटाबेस बॅकअप फेल, तो फेल म्हणून लॉग साचत जातात, आर्काइव्ह लॉगची डिरेक्टरी भरली की मग अ‍ॅक्टिव्ह लॉग भरायला लागतो, आणि तोही भरला की अख्खा सर्व्हर खाली. स्टोरेज पूलमध्ये भरपूर जागा रिकामी असते आणि माणूस तिथेच शोधत बसतो! म्हणून सकाळी पहिल्यांदा डेटाबेस बॅकअप झाला का, स्क्रॅच किती उरल्या आणि लॉग किती भरलेत एवढं बघायचं, क्लायंटचे जॉब नंतर.

जागेचं पण तसंच. एक्स्पायर इन्व्हेंटरी (मुदत संपलेल्या बॅकअपच्या नोंदी काढणारी कमांड) चालवली म्हणून लगेच जागा मिळत नाही, कंटेनर पूलला रीयूज डिलेची (जागा परत वापरण्याआधी थांबायची) मुदत असते, टेपवर रिक्लमेशन (उरलेला डेटा दुसरीकडे हलवून टेप मोकळी करणं) व्हावं लागतं. डीडुप अप्लायन्सलाही हेच, मुदत संपलेला डेटा गार्बेज कलेक्शन (आतली साफसफाई) झाल्यावरच खरा जातो. तेव्हा ९४ टक्क्यांवर घाबरून डिलीट करत सुटू नका, काढल्यावर क्लीनिंगची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि मग आकडा बघा.

कोरीपाटी (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. बॉटलनेक: सोर्स ११, प्रॉक्सी २३, नेटवर्क ९, टार्गेट ९८. डीयू २१० टीबी दाखवतं, डीएफ ११३. इन्क्रिमेंटलचा आकार फारसा बदललेला नाही. पोर्ट सगळे १० गिगवर आहेत. फुलच्या ओळीत फास्ट क्लोन लिहून येतं. म्हणजे डिस्कच हळू आहे तर, मग नवीन स्टोरेज घ्यायलाच हवं ना?

चेकसम

थांबा, घाई नको! फास्ट क्लोन, म्हणजे तेच रीफ्लिंक, चालतंय म्हणजे सिंथेटिक फुलचा डिस्कवर फारसा भार नाही, डेटा पूर्वीएवढाच, डिस्क त्याच, आणि तरी टार्गेट ९८. म्हणजे तीच अ‍ॅरे आधी हे काम पहाटे चारपर्यंत करत होती आणि आता होत नाहीये, तर मध्ये काहीतरी बदललंय. रेड कंट्रोलरच्या टूलमध्ये जाऊन व्हर्च्युअल डिस्कची कॅश पॉलिसी बघा. सेट केलेली नाही, सध्या चालू असलेली कोणती ते बघायचं, दोन्ही वेगळ्या ओळीत असतात. तिथे राइट बॅकच्या (आधी कॅशमध्ये लिहिणं) जागी राइट थ्रू (सरळ डिस्कवर लिहिणं) दिसलं तर कॅशच्या बॅटरीची अवस्था बघा. बॅटरी गेली की कंट्रोलर डेटा सुरक्षित राहावा म्हणून स्वतःहून राइट थ्रूवर जातो, आणि अलर्ट मेल सेट केला नसेल तर कुणाला पत्ता लागत नाही. रेड ६ मध्ये एका छोट्या राइटमागे तीन रीड आणि तीन राइट लागतात, डेटा आणि दोन पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत बनवायची माहिती). कॅश असली की कंट्रोलर राइट गोळा करून पूर्ण स्ट्राइप एकदम लिहितो आणि हा भार जाणवत नाही, कॅश गेली की प्रत्येक राइट सरळ डिस्कवर जाऊन आपटतो.

त्याच वेळी एखादी डिस्क रीबिल्डमध्ये किंवा मीडिया एररमध्ये आहे का तेही बघा. आणि जॉब बंद असताना एफआयओ या टूलने डायरेक्ट मोडमध्ये (कॅश टाळून) ५१२ केबीच्या ब्लॉकने राइट टेस्ट घ्या, टेस्ट फाइल लहान ठेवा, ९४ टक्के भरलेल्या व्हॉल्यूमवर शंभर जीबीची फाइल करून बसू नका.

कुलूपकिल्ली

थोडं वेगळं पण विचारल्याशिवाय राहवत नाही. तुमचा बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये (ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत) आहे का? असेल तर बाहेर काढा, स्टोरेजपेक्षा हे जास्त निकडीचं आहे. रॅन्समवेअरवाले आत शिरले की आधी बॅकअपच शोधतात. २०२४ मध्ये वीममध्ये सीव्हीई-२०२४-४०७११ हा सुरक्षेतला दोष सापडला, पासवर्डशिवाय बाहेरून कोड चालवता यायचा, अकिरा आणि फॉग या रॅन्समवेअरच्या हल्ल्यांत तो वापरला गेला. १२.२ मध्ये दुरुस्त झालाय, त्याच्या मागच्या आवृत्तीवर असाल तर आजच अपडेटचं बघा.

लिनक्स रिपॉझिटरी आहेच तर हार्डन्ड (आत शिरायच्या वाटा बंद) करून इम्यूटेबल ठेवा. पण त्या सर्व्हरचा रिमोट मॅनेजमेंट पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कवर उघडा असेल तर इम्यूटेबलचा काही उपयोग नाही, तिथून थेट व्हर्च्युअल डिस्कच डिलीट करता येते. तो पोर्ट वेगळ्या नेटवर्कवर न्या. सर्व्हरची वेळ कुठून येते तेही बघा, इम्यूटेबिलिटीची मुदत घड्याळावर चालते.

कोरीपाटी (धागाकर्ता)

अपडेट देतो. बॅटरीच होती! स्टेटस फेल्ड, चालू पॉलिसी राइट थ्रू. नवीन बॅटरी बसवली, चार्ज झाल्यावर आपोआप राइट बॅकवर आलं आणि जॉब परत पहाटे आटपायला लागले. कंट्रोलरचा अलर्ट मेल लावलाय. डोमेनमधून बाहेर काढायचं काम सुरू आहे, अपडेट झालं. जुन्या व्हीएमपैकी ज्यांची गरज नाही असं लेखी मिळालं त्यांचे बॅकअप कन्सोलमधून काढले, व्हॉल्यूम ८१ टक्क्यांवर आला.

आता बजेट हातात आहे तर ते कशावर लावू? डीडुप अप्लायन्स, अजून एक तसाच लिनक्स सर्व्हर, की टेप?

रात्रपाळी

माझं मत दुसरा लिनक्स सर्व्हर, दुसऱ्या इमारतीत, बॅकअप कॉपीसाठी. डीडुप अप्लायन्स लांब मुदतीच्या साठ्याला चांगलं, पण तिथून रिस्टोअर करताना विखुरलेले ब्लॉक गोळा करत बसतं, इन्स्टंट रिकव्हरीला (व्हीएम थेट बॅकअपवरूनच चालू करायला) जीव जातो. घेतलंतच तर जॉबचं एन्क्रिप्शन बंद ठेवावं लागेल आणि डेटा कॉम्प्रेस न करता पाठवावा लागेल, नाहीतर डीडुपचा रेशो मिळणार नाही. आणि नवीन सर्व्हरवर जुन्या चेन नेताना साध्या कॉपीने नेऊ नका, रीफ्लिंक सुटतं आणि तुमचे ११३ चे २१० टीबी होतात. वीम १२ पासून मूव्ह बॅकअप आलंय ते वापरा.

आणि या बजेटमधून रिस्टोअर टेस्टसाठी एक होस्ट नक्की काढा. २०१७ मध्ये गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला) डेटाबेस चुकून उडाला तेव्हा कळलं की डंपच्या कमांडची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती म्हणून बॅकअप होतच नव्हते, आणि फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. सहा तास जुना एक स्नॅपशॉट होता म्हणून वाचले. हे सगळं त्यांनी स्वतः जाहीर लिहिलंय, त्यांचा आदर वाटतो. वीमचं शुअरबॅकअप लावा, दर आठवड्याला आलटून पालटून व्हीएम उठवून बघेल, आणि डेटाबेस असलेल्या व्हीएमवर नुसती बूट झाली यावर समाधान मानू नका, आत एखादी क्वेरी चालवणारी स्क्रिप्ट जोडा.

टेपमास्तर

टेपची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. नेटवर्कवरून पोचताच येणार नाही अशी कॉपी पाहिजे तर कपाटात ठेवलेल्या टेपसारखं दुसरं काही नाही. एलटीओ हा टेपचा प्रकार, त्याच्या एका टेपवर एलटीओ-८ मध्ये १२ टीबी, एलटीओ-९ मध्ये १८ टीबी, हे कॉम्प्रेशनशिवायचे आकडे, खोक्यावरचा मोठा आकडा धरू नका कारण बॅकअपचा डेटा आधीच कॉम्प्रेस झालेला असतो. तुमच्या ४० टीबीचा पूर्ण बॅकअप थोड्याच टेपमध्ये मावेल. मात्र ड्राइव्हला सलग वेगाने डेटा मिळायला हवा, नाहीतर टेप थांबते, मागे जाते, परत सुरू होते, वेळही जातो आणि टेपही झिजते. म्हणून मुख्य जॉब चालू असताना टेपचा जॉब लावायचा नाही. एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की कॅलिब्रेशन होतं, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात, तर टेप आल्या की दिवसा सगळ्या एकेक करून घालून घ्या. जुन्या टेप असतील तर ड्राइव्ह घेण्याआधी त्यांची पिढी बघा, एलटीओ-८ चा ड्राइव्ह एलटीओ-६ वाचत नाही.

आणि कॉन्फिगरेशन बॅकअप (वीमच्या स्वतःच्या सेटिंगचा) कुठे जातोय ते आज बघा. डीफॉल्टला तो बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर पडतो, म्हणजे सर्व्हर गेला की तोही गेला. दुसऱ्या मशिनवर वळवा, एन्क्रिप्शन चालू करा, आणि त्याचा पासवर्ड छापून टेपच्या कपाटात नको, दुसऱ्या कुलपात ठेवा.

कोरीपाटी (धागाकर्ता)

कॉन्फिगरेशन बॅकअप खरंच त्याच सर्व्हरच्या सी ड्राइव्हवर होता, आत्ताच वळवला. दुसरा लिनक्स सर्व्हर आणि एक एलटीओ-९ ड्राइव्ह असा प्रस्ताव टाकतोय, टेस्टचा होस्ट जुन्यातला एक मोकळा होतोय तो मागून घेतो. रात्रपाळी, क्वेरीवाल्या स्क्रिप्टचा नमुना असेल तर टाकाल का?

रात्रपाळी

टाकतो संध्याकाळी. तुमचा डेटाबेस कुठला ते तेवढं सांगून ठेवा.