मदत हवी आहे: विवेकी विचारांच्या सरावाने माणूस सुधारतो का, हे मोजायचं कसं?

आमचा छोटा गट तर्कशुद्ध विचारांचा सराव करतो. पूर्वग्रहांची नावं सगळ्यांना तोंडपाठ झालीत, पण वापरली जातात ती बहुतेक समोरच्याचं म्हणणं खोडायला! निर्णय सुधारलेत का, हे तपासायचंय.

शेन फ्रेडरिक यांची २००५ची तीन प्रश्नांची चाचणी घेतली (चटकन सुचणारं चुकीचं उत्तर माणूस थांबून तपासतो का, हे ती बघते). त्यातलं बॅट-बॉलच्या किमतीचं कोडं सगळ्यांना आधीच ठाऊक, त्यामुळे ती बाद. आता प्रत्येक जण आपले अंदाज टक्क्यांत लिहून ठेवतो ('हे काम शुक्रवारपर्यंत संपेल, ८०%') आणि नंतर ब्रायर गुण काढतो, म्हणजे अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल (घडलं तर १, नाही तर ०) यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी. शून्य म्हणजे अचूक. कायम ५०% म्हणत राहिलं तर ०.२५. गुण सुधारताहेत खरे, पण लोक सोपेच अंदाज निवडू लागलेत अशी दाट शंका आहे. शिवाय गटात येतात तेच मुळात असल्या गोष्टींची आवड असलेले, मग श्रेय सरावाला कसं द्यायचं?

तुलनेसाठी बाहेरचे लोक मिळणं अवघड आहे, खर्चही करता येणार नाही. पुस्तकांची यादी कृपया नको.

अंदाजासाठी सगळ्यांना तेच प्रश्न दिले तर सोपे अंदाज निवडण्याची अडचण सुटेल का? आणि नवीन सदस्यांचे गुण सरावाआधीच नोंदवून ठेवले, तर तेवढी तुलना पुरेशी धरता येईल का?