पंडिता रमाबाईंचं उदाहरण
शंका काढणाऱ्याची श्रद्धा उथळ आणि दर रविवारी चर्चला जाणारा पक्का, असं काहीजण म्हणतात, ते काही पटलं नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा ना, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि नंतर तिथल्याच अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवरून) वगैरे पत्रांतून चांगलीच हुज्जत घातली, बिशपांचंही मुकाट ऐकलं नाही (परक्या देशात, सोबत लहानगी लेक मनोरमा असताना!).

आणि गंमत म्हणजे पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त नव्हता मिळाला. म्हणजे तोवर सगळं रीतसर चालू होतं तरी! दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला सांभाळल्या ते काम यानंतरचं, १८९६-९७ पासूनचं.