पलिष्ट्यांची लोखंडावर मक्तेदारी होती का? आणि वेदीला लोखंड का चालत नव्हतं?

ऐरणीवरचा

'पलिष्ट्यांनी लोखंडाचं गुपित दाबून ठेवलं, म्हणून शौलाच्या सैन्याकडे तलवारी नव्हत्या' हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलं गेलंय की ते बायबलमध्येच आहे असं वाटावं. (पलिष्टी म्हणजे किनाऱ्यावरचे, इस्राएलाचे शत्रू; शौल म्हणजे इस्राएलाचा पहिला राजा.) आधार म्हणून १ शमुवेल १३:१९-२२ दाखवतात. तिथे काय आहे? इस्राएलात कारागीर नव्हता. फाळ, कुदळ, कुऱ्हाड शेवटून (धार लावून) आणायला पलिष्ट्यांकडे उतरावं लागे, आणि त्याचा दर होता एक पीम. यहूदात सापडलेल्या दगडी वजनांवर 'पीम' असं कोरलेलं आहे. वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे शेकेलचा दोन तृतीयांश, आणि तोही चांदीत. दर चढाच होता. पण त्या चार वचनांत लोखंडाचा उल्लेख एकदाही नाही. बंदी कारागिरांवर आहे, धातूवर नाही.

उत्खननही मक्तेदारीच्या बाजूने बोलत नाही. इ.स.पू. १२व्या-११व्या शतकांत त्या सगळ्या प्रदेशात कांस्यच जास्त होतं, पलिष्ट्यांच्या शहरांतसुद्धा. त्यांच्याकडे मिळालेलं लोखंड म्हणजे बहुतेक सुऱ्या, त्यातही काही हस्तिदंती मुठीच्या आणि कांस्याच्या रिव्हेटा मारलेल्या. ज्यांच्या हाती धातूचा धंदा एकवटलाय त्यांची हत्यारं अशी नसतात. शिवाय त्या भागात लोखंड गाळण्याची सर्वांत जुनी भक्कम माहितीची जागा, टेल हम्मेह, ही यार्देन (जॉर्डन) नदीच्या पूर्वेला, यब्बोक नदीच्या तोंडाशी आहे. काळ इ.स.पू. ९३०च्या सुमाराचा. खनिज जवळच्या अजलून डोंगरातलं. पलिष्ट्यांचा किनारा तिथून पार दुसऱ्या टोकाला.

माझा दुसरा मुद्दा असा की बायबलमध्ये लोखंडाला जो धाक चिकटलाय (लोखंडी जू, लोखंडी दंड, लोखंडी भट्टी) तो शौलाच्या काळाचा नाही. तो अश्शूर आणि बाबेलच्या काळाचा आहे.

भाता_आणि_कोळसा

पूर्ण असहमत. लोखंडाचा उल्लेख नाही हे मान्य, पण ते वर्णन लोखंडालाच लागू पडतं. कसं ते सांगतो.

कांस्याच्या हत्याराची धार बोथटली तर शेतकरी घरीच दगडावर ठेवून थंड ठोकतो. ठोकल्याने कांस्य पातळ होतं आणि कठीणही होतं. मग पाजळलं की झालं, भट्टी लागत नाही. लोखंडाचं तसं नाही. त्या काळच्या भट्टीत लोखंड वितळतच नव्हतं. वितळबिंदू १,५३८ अंश, भट्टी जेमतेम ११०० ते १२५०. वितळायची ती धातुमळी, आणि तळाशी उरायचा स्पंजासारखा गोळा. तो लालबुंद असतानाच घणाखाली घालून मळी पिळून काढायची. हवा कमी पडली तर मळी वाहत नाही, गोळ्यातच अडकते, आणि पुढे हत्यार तिथेच उकलतं. कार्बन फार शोषला गेला तर बिडासारखं होतं आणि पहिल्याच घावाला फुटतं.

आणि एवढं करून हाती येतं ते मऊ लोखंड. १० टक्के कथिलाचं, ठोकून घट्ट केलेलं कांस्य त्याहून कठीण असतं. लोखंडाने कांस्याला हरवायचं तर पातं कोळशात पुरून ९०० अंशांच्या वर तासन्‌तास ठेवायला हवं, मग पाणी द्यायचं (तापलेलं पातं पाण्यात बुडवायचं), मग पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवायचा. कार्बन आत शिरतो तो मिलिमीटरच्या हिशेबात. दगडावर चार-सहा वेळा घासलं की ती साल संपते आणि खालचं मऊ लोखंड उघडं पडतं. मग पुन्हा लोहार. फाळ, कुऱ्हाड, पराणीची आर घेऊन सारखं कोणाच्या तरी दारात जावं लागणं हे लोखंड वापरणाऱ्यांच्याच नशिबी येतं. आपल्याकडे बलुत्यात लोहार का होता, त्याचंही कारण हेच.

तेव्हा लपवलेलं गुपित खनिजाचं नव्हतं, पाणी देण्याचं असू शकतं.

ऐरणीवरचा

भाता, पाणी देण्याचं गुपित म्हणताय, तर वरच्या गालीलातल्या हार अदिरच्या गढीतली कुदळ आठवा. इ.स.पू. १२वं-११वं शतक. तपासात निघालं की ती कार्बन चढवलेली, पाणी दिलेली आणि नंतर हलकं तापवून ठिसूळपणा उतरवलेलीही आहे. पलिष्ट्यांच्या मुलखापासून ही जागा किती लांब आहे ते नकाशावर बघा.

भाता_आणि_कोळसा

एक कुदळ म्हणजे कारखानदारी नव्हे. आणि कोणी बनवली हे कुदळीवर लिहिलेलं नाही. गढीतल्या शिपायाने विकत घेतलेलीही असेल. उलट शौलाचं गाव गिबा मानतात त्या टेल एल-फूलवर पुरातत्त्वज्ञ ऑलब्राइट यांना लोखंडी फाळाचं टोक मिळालं. म्हणजे डोंगराळ भागात लोखंडी फाळ होता आणि शेवटणारा माणूस नव्हता. मजकूर हेच सांगतो.

चुंबक

बेथ-शेमेशचं नाव अजून कोणीच कसं घेतलं नाही? यहूदा आणि पलिष्टी मुलखाच्या नेमक्या सीमेवर इ.स.पू. ९००च्या सुमाराची लोहारशाळा आहे. ओळखू आली ती हत्यारांमुळे नाही. घण मारताना तापलेल्या लोखंडावरून जे बारीक पापुद्रे उडतात ते जमिनीत राहतात आणि चुंबकाला चिकटतात. सोबत भात्याच्या चौकोनी नळ्याही मिळाल्या. जुन्या खोदकामांत माती चुंबकाने तपासायची पद्धतच नव्हती, त्यामुळे 'इथे लोहार नव्हता' असं म्हणताना दहा वेळा विचार करावा. मात्र ही शाळा शौलानंतर शंभरेक वर्षांची. त्यामुळे दोघांपैकी कोणाचाच दावा तिने सिद्ध होत नाही.

जुना_करार

ऐरणीवरचा यांचा दुसरा मुद्दा फार सपाट आहे. धाक अश्शूरचाच म्हणता, तर कनानी सेनापती सीसराच्या ९०० लोखंडी रथांचं काय? शास्ते ४:३. आणि यहूदा वंशाला खोऱ्यातले लोक घालवता आले नाहीत ते लोखंडी रथांमुळेच, शास्ते १:१९. हा धाक शौलाच्याही आधीचा आहे.

ऐरणीवरचा

ती गोष्ट आधीच्या काळाची आहे, लिहिली गेली नंतर. रथ म्हणजे वाकवलेलं लाकूड आणि कातडं. दोन घोड्यांनी वळणावर उडवत न्यायचा तर हलकाच हवा. लोखंडाचा पत्रा मढवला की घोडी खोऱ्यातल्या चिखलात बसली. फार तर आसाच्या खिळी आणि चाकाची बंदिस्ती लोखंडी. अश्शूरी रथ जड झाले, चाकं मोठी झाली, ती पुढे. कनान्यांचे रथ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अश्शूरी रथ असावेत.

अश्शूरकडे लोखंड किती होतं ते ऐका. खोर्साबादला दुसऱ्या सारगोनच्या (इ.स.पू. ७२२-७०५) राजवाड्यात लोखंडाचा साठा सापडला, अंदाजे १६० टन. हे पाहिलेल्या माणसाच्या तोंडी लोखंडी जू येणारच. यिर्मया २८ तर सरळच आहे: हनन्या लाकडी जू मोडतो आणि उत्तर येतं की आता लोखंडी जू, नबुखद्नेस्सराचं.

जुना_करार

मग दाविदाने मारलेला पलिष्टी योद्धा गल्याथ? टोप, चिलखत सगळं कांस्याचं, चिलखत ५,००० शेकेल म्हणजे ५७ किलो. फक्त भाल्याचं पातं लोखंडाचं, ६०० शेकेल, पावणेसात किलोच्या आसपास. आकडे फुगवलेले असोत, पण कांस्य अंगावर आणि लोखंड मारायला ही वाटणी त्या संक्रमणकाळाला शोभते. सातव्या शतकात बसून नवं रचणाऱ्याने तलवार-चिलखत सगळंच लोखंडी केलं असतं. १ इतिहास २९:७ बघा, तिथे दाविदाच्या काळी लोखंड १,००,००० किक्कार, साडेतीन हजार टनांच्या घरात! आणि त्याच ओळीत दारिक, म्हणजे इराणी नाणी. उशिरा लिहिलेलं असं उघडं पडतं. गल्याथाचं वर्णन तसं पडत नाही.

ऐरणीवरचा

गल्याथाबद्दल हा मुद्दा वजनदार आहे. रथांबद्दल नाही.

घडीव_दगड

वेदीचं राहूनच गेलं. निर्गम २०:२५ म्हणतं, दगडाला हत्यार लावलंस तर वेदी भ्रष्ट. अनुवाद २७:५ मध्ये तेच, पण हत्यार लोखंडाचं असं स्पष्ट. मंदिर बांधताना हातोडा, कुऱ्हाड, कोणतंही लोखंडी हत्यार आवारात ऐकू आलं नाही, १ राजे ६:७. नीट वाचा: दगड खाणीतच घडवून आणले होते. म्हणजे लोखंड वर्ज्य नव्हतं, फक्त तिथे नको होतं.

कारण म्हणून मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातलं (मिद्दोत ३:४) स्पष्टीकरण सांगितलं जातं: लोखंड माणसाचं आयुष्य तोडायला आणि वेदी ते वाढवायला. वेदीला चुना लावतानाही लोखंडी थापी नको, दगडाला टेकली तर दगड बाद. सुंदर आहे, पण दुसरं मंदिर पडल्यानंतरच्या काळातलं आहे. मला वाटतं मूळ कारण साधं: उपासना जुन्या रीतीला धरून राहते, आणि लोखंड नवं होतं.

जुना_करार

लोखंड नवं म्हणून वर्ज्य, तर निर्गमात लोखंडाचं नाव का नाही? तिथे बंदी घडवण्यावरच आहे. लोखंड नंतर आलं, कारण तोवर छिन्नी लोखंडाची झाली होती. आणि प्रत्यक्षात काय पाळलं जात होतं? यहूदातल्या अरादची वेदी नियमाबरहुकूम, न घडवलेले दगड आणि माती. बैर-शेब्याची शिंगांची वेदी चक्क घडीव चिऱ्यांची. १९७३ साली तिचे दगड कोठाराच्या भिंतीत बसवलेले सापडले.

घडीव_दगड

बैर-शेब्याचे चिरे लोखंडी छिन्नीने घडवले की कांस्याच्या, हे कोणी तपासलंय का? मऊ चुनखडीला कांस्यही पुरतं. आणि वेदी मोडून दगड भिंतीत घातले ते कोणी, यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी असेल तर त्यांना खटकलं काय, छिन्नी की ती जागाच?